गाडीतली जादा टाकी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून जाणारे बरेच प्रवासी वाटेत स्वतःचं स्वतः शिजवून खाणारे असतात. आषाढी वारीला तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर सोडून दौंड तालुक्यात येते, यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. तिच्या मागेपुढे दिंड्यांचे ट्रक, त्यांत राहुट्या, पातेली, शिधा आणि शेगड्या. अष्टविनायकाला निघालेल्या गाड्या रांजणगावचा महागणपती करून न्हावरे-चौफुल्यावरून दौंड गाठतात आणि भीमेपलीकडे सिद्धटेकला जातात. त्यातल्या कितीतरी गाड्यांचं जेवण रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाखाली होतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगार बिऱ्हाडासकट येतात. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही महामार्गांवर चहा-वडापावच्या गाड्या बारमाही असतात. त्यात आता कॅराव्हॅनची भर पडली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि हौसेने टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ओटा बसवून घेणारेही दिसू लागले.

या सगळ्यांच्या गाडीत शेगडीला जोडलेली एक टाकी असते, आणि ‘ऐनवेळी संपली तर’ म्हणून घेतलेली दुसरी. जोडलेल्या टाकीकडे निदान आचाऱ्याचं लक्ष असतं. दुसरी मात्र गाद्यांच्या मागे, सीटखाली किंवा डिकीत जाऊन पडते, आणि पहिली संपेपर्यंत कोणाला तिची आठवणही होत नाही. प्रवासातला खरा धोका या दुसऱ्या टाकीचा आहे. तिच्यात गॅस काही वेगळा नसतो, पण ती बंद जागेत असते आणि तिच्यावर कोणाची नजर नसते.

बंद जागेचं इतकं का, ते आधी पाहू. आपल्याकडच्या टाकीत प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेलं असतं. बाहेर पडलं की त्याची वाफ होते आणि मूळच्या जवळजवळ अडीचशेपट जागा व्यापते. ही वाफ हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. त्यामुळे ती वर उडून जात नाही, खाली बसते. गाडीच्या तळाशी, सीटखाली, डिकीच्या खोलगट भागात साचते. हवेत तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरे. एक किलो गॅसची वाफ साधारण अर्धा घनमीटर होते असं धरलं, तर जीपएवढ्या बंद गाडीची हवा पेटण्याजोगी व्हायला दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर गॅस पुरतो. घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो. तीच गळती उघड्या पिकअपच्या हौद्यात झाली तर चालत्या गाडीच्या वाऱ्यावर बव्हंशी विरून जाईल.

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण एसी लावलेल्या, काचा बंद केलेल्या गाडीत मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतील, आणि वर अत्तर, उदबत्ती, चिवडा, भिजलेल्या सतरंज्या यांचा संमिश्र दरवळ असेल, तर त्या वासाचा इशारा वेळेवर पोहोचेलच याची खात्री कोणी देऊ नये.

म्हणून पहिला प्रश्न टाकी कशी न्यावी हा नाही, न्यावी का हा आहे. घरच्या शेगडीचा एक बर्नर मोठ्या आचेवर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस खातो. म्हणजे पाच किलोची छोटी टाकी एका बर्नरला पंचवीस तासांच्या पुढे चालते. आठ-दहा माणसांचा दोन दिवसांचा स्वयंपाक तेवढ्यात आरामात उरकतो. तरीही अष्टविनायकाच्या गाडीत १४.२ किलोच्या दोन टाक्या दिसतात, कारण घरातल्या मोठ्यांनी ‘असू दे बरोबर’ म्हटलेलं असतं. भरलेली घरगुती टाकी लोखंडासकट तीस किलोंच्या घरात जाते. ब्रेक मारल्यावर हे तीस किलो कोणाच्या पायावर किंवा पाठीवर येणार, याचा विचार ‘असू दे’मध्ये नसतो.

छोट्या टाकीचा दुसरा फायदा असा की ती बहुतेक ठिकाणी मिळते. इंडेनची ‘छोटू’, भारतगॅसची ‘मिनी’, एचपीची ‘अप्पू’ या पाच किलोच्या टाक्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळतात. संपली की त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या वितरकाकडेही बदलून घेता येते. शिरूर, शिक्रापूर, केडगाव, दौंड ही सगळी बाजारपेठेची गावं आहेत. इथे अडून बसण्याची वेळ सहसा येत नाही. उरणहून येणारी एलपीजीची भूमिगत वाहिनी थेट चाकण-शिक्रापूरपर्यंत आलेली आहे. गॅसच्या दारातून जाताना घरून दोन-दोन टाक्या वाहून न्यायचं कारण नाही. निघण्यापूर्वी वाटेतल्या दोन वितरकांचे फोन आणि दुकानाच्या वेळा विचारून ठेवा, रविवारची सुट्टीही विचारा. रेग्युलेटर मात्र त्याच टाकीचा घ्या आणि दुकानातच बसवून पाहा.

इथे एका जुगाडाबद्दल कठोर बोलायला हवं. मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस ‘मारून’ देणारे लोक बाजाराच्या कडेला अजून सापडतात. हे बेकायदा तर आहेच, पण प्रवासासाठी याहून वाईट टाकी नाही. कारखान्यात टाकी भरताना तिच्यात द्रव साधारण ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवतात, वरची जागा वाफेसाठी मोकळी सोडतात. ऊन लागलं की द्रव फुगतो, त्याला ही जागा लागते. अंदाजाने काठोकाठ भरलेली टाकी एप्रिलच्या दुपारी चौफुल्यावर उभ्या केलेल्या गाडीत तापली, तर फुगायला जागाच उरत नाही. मग फुटणं हे फक्त वेळेचं काम.

दिंड्या, भटारखाने आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांचं गणित वेगळं. तिथे दीडशे-दोनशे पानं उठतात, भट्टीच्या शेगड्या लागतात, आणि जादा टाक्यांशिवाय भागत नाही. व्यवसायाला १९ किलोची व्यावसायिक टाकीच वापरायची. घरगुती टाकी गाडीवर वापरणं नियमाविरुद्ध आहे. विम्याचीही एक बाजू आहे. तेल कंपन्यांच्या विम्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच्या अपघातापुरती असते. घरची टाकी उचलून ट्रकमध्ये टाकली की ते कवच घरीच राहतं. किती टाक्या जवळ बाळगता येतात, याचीही मर्यादा आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी बाळगता येतो. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो; सहावी घेतली की मर्यादा ओलांडली. मोठ्या दिंडीने दहा टाक्या एकाच ट्रकमध्ये कोंबण्यापेक्षा पुढच्या मुक्कामाच्या गावातल्या वितरकाशी आधी बोलून, तिथे रिकाम्या देऊन भरलेल्या घ्याव्यात. वारीच्या काळात तालुक्याचा पुरवठा विभाग कामाला लागलेला असतो. दिंडीप्रमुखाने तिथे एक फोन करून ठेवला तर धावपळ वाचते.

आता टाकी ताब्यात घेताना. सील शाबूत आहे का, वजन छापल्याप्रमाणे आहे का, हे सगळेच पाहतात. तारीख फार थोडे पाहतात. टाकीच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाह्यांची अक्षरं: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. बी आणि २७ असं लिहिलेलं असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका, वाद घाला. मग सील काढून तोंडाशी साबणाचं पाणी सोडून बघा. बुडबुडे आले तर ती टाकी तिथेच परत द्या. आतला काळा रबरी वायसर चिरलेला नसावा. काडी पेटवून गळती तपासणारे महाभाग अजून आहेत. त्यांना आचारी नेमू नका.

तपासून झालं की दोऱ्याला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा. ही टोपी शोभेची नाही. व्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर ती गळती रोखते, आणि धक्क्यापासून तोंडही वाचवते. ‘कुठेतरी पडली असेल’ म्हणून टोपीविना निघालेली टाकी गाडीत चढवू नये. चालत्या गाडीत कुठल्याही टाकीवर रेग्युलेटर असू नये, अगदी वापरातल्या टाकीवरही. शेगडी, नळी, रेग्युलेटर वेगळ्या पिशवीत. नळी सुरक्षा छापाची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी घ्या; तिचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात, पण रोज गुंडाळून-उलगडून वापरल्यावर त्याआधीच चिरा पडतात.

टाकी नेहमी उभी. उभ्या टाकीत व्हॉल्व्हखाली वाफ असते, आडव्या टाकीत द्रव येऊन तोंडाशी टेकतो. मग गळती झाली तर वाफेऐवजी द्रव बाहेर येतो, म्हणजे तेवढ्याच भोकातून कितीतरी पट जास्त गॅस. शिवाय आडवी टाकी लोळते, आणि लोळणारी टाकी थांबते ती कशावर तरी आदळूनच. नियमांतही एलपीजीच्या टाक्या उभ्या आणि कलंडणार नाहीत अशाच ठेवायला सांगितलं आहे.

उभी टाकी नुसती उभी करून भागत नाही. न्हावरे रस्त्यावर उसाने भरलेला ट्रॅक्टर अचानक समोर आला की चालक ब्रेक मारणारच. हौद्याच्या कोपऱ्यात, चालकाच्या केबिनमागच्या भिंतीला टेकवून ठेवा, खाली रबराची चटई किंवा दुमडलेलं गोणपाट घाला. एक पट्टा पोटाला, दुसरा वरच्या कड्यातून ओवून हौद्याच्या हुकांना ताणून बांधा. सुतळी नको, ती ताणली जाते. प्लॅस्टिकची दोरी उन्हाने सैल पडते. मालट्रकवाले वापरतात तो खटक्याचा पट्टा थोड्या पैशांत मिळतो, तोच घ्या. दोन टाक्या असतील तर मध्ये गोणपाट, म्हणजे लोखंडावर लोखंड घासणार नाही. टाकी फाळक्याबाहेर डोकावता कामा नये. डिझेलचा कॅन, बॅटरी, जनरेटर, कोळशाचं पोतं, रॉकेलचा दिवा यांतलं काहीही शेजारी नको. ऊन लागू नये म्हणून वरून ताडपत्री बांधायची असेल तर छपरासारखी ताणा. टाकीला गुंडाळून बुडाशी खोचली की बंद खोलीच तयार झाली.

दिंडीच्या ट्रकमध्ये खरी अडचण माणसांची असते. दमलेल्या आजी-आजोबांना, लहान मुलांना त्याच ट्रकमध्ये बसवतात, पाऊस आला की ताडपत्री ओढून घेतात, आणि आत टाक्याही असतात. टाक्यांसाठी वेगळा छोटा हत्ती करावा. पंचवीस-तीस लोकांत त्याचं भाडं वाटलं तर फार येत नाही. ते शक्यच नसेल तर निदान टाक्या फाळक्याजवळ, जिथे ताडपत्री उघडी राहील अशा बाजूला असाव्यात, आणि त्या ट्रकमध्ये कोणीही झोपू नये. तंबाखू चालेल, विडी नाही. हे नियम सांगायला एक माणूस नेमा. जबाबदारी सर्वांची असली की ती कोणाचीच नसते, आणि टाक्यांचं खातं बहुतेक दिंड्यांत असंच बेवारस असतं.

बंद गाडीतून, म्हणजे कार, जीप किंवा ट्रॅव्हलरमधून न्यावीच लागली तर फक्त पाच किलोची आणि एकच. पुढच्या व मागच्या काचा थोड्या खाली, एसी बंद. जेवायला थांबलात, देवदर्शनाला गेलात, तर ती गाडीत कोंडून जाऊ नका. सावलीत खाली उतरवून एका माणसाला तिच्याजवळ बसवा. रांजणगावच्या वाहनतळावर मे महिन्यात तासभर काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत काय तापमान होतं, हे परत येऊन सीटवर बसणाऱ्याला ठाऊक आहे.

कॅराव्हॅन भाड्याने घेणाऱ्यांनी किल्ली घेण्याआधी टाकीचा कप्पा उघडून दाखवायला सांगावं. तो गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण वेगळा, बाहेरून उघडणारा आणि तळाशी हवेच्या जाळ्या असलेला हवा. गॅस जड असल्याने वरची जाळी एकटी कामाची नाही. अमेरिकेत मागे ओढायच्या कॅराव्हॅनच्या प्रोपेन टाक्या गाडीबाहेर, पुढच्या दांड्यावर बसवलेल्या असतात, ते याच कारणाने. आपल्याकडे ओट्याखालच्या कपाटात टाकी ठेवून वर गाद्या अंथरणारे सुतारकाम मी पाहिलं आहे. दिसायला सुरेख असतं. अशी गाडी घेऊ नका. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून काचा बंद करून झोपणं तर अजिबात नको. तिथे स्फोटाआधी कार्बन मोनॉक्साइडच माणूस संपवतो.

दुचाकीवरून टाकी नेणं हे आपल्या भागात इतकं रोजचं आहे की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मागच्या सीटवर आडवी बांधलेली टाकी, किंवा पुढे दोन पायांच्या मध्ये. सायकल आणि दुचाकीवरून भरलेली टाकी नेण्याला नियमांत स्पष्ट मनाई आहे. वाडी-वस्तीवर गाडी येत नाही ही अडचण खरी आहे, पण घरपोच टाकी देणं हे वितरकाचं काम आहे आणि त्याबद्दल तक्रार करता येते.

रेल्वेचा विषय दौंडकरांसाठी थोडा सविस्तर. जंक्शन दारात असल्यामुळे पंढरपूर, तिरुपती, रामेश्वर अशा यात्रांचे जथे इथून गाडीत चढतात, आणि ‘डब्यातच चहा करू’ ही कल्पना कोणाला तरी सुचतेच. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईत काय झालं ते त्यांना सांगा. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंनी एक अख्खा डबा आरक्षित केला होता. तो गाडीपासून सोडवून स्थानकाच्या आवारात उभा होता. लपवून आणलेल्या टाकीवर पहाटे चहा-नाश्त्याची तयारी सुरू झाली, डब्याने पेट घेतला, आणि नऊ माणसं गेली. डबा चालत नव्हता, तरी माणसांना बाहेर पडता आलं नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू डब्यात नेल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाईही. टाकी रिकामी असली तरी न्यायची नाही. एसटीतही नाही. यात्रेच्या आयोजकांनी सामान चढवताना शिध्याची पोती उघडून पाहावीत, कारण टाकी बहुधा तांदळाच्या पोत्याआडून जाते.

मुक्कामाला पोहोचलात की आधी टाक्या उतरवा, माणसं नंतर पांगू द्या. जागा सपाट, सावलीची, वाऱ्याची. विहिरीचा काठ, नाल्याची उतरण, पाइपांचे खड्डे टाळा, कारण जड वाफ उताराने वाहत जाऊन खोलगटात साचते आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्याच शेगडीला भेटते. जादा टाकी पेटत्या शेगडीपासून निदान दहा-बारा पावलं लांब. टाकी बदलताना आसपासची प्रत्येक ज्योत विझवा. इथे आचारी शेगड्या बंद करतो, पण शेजारच्या राहुटीत विठोबासमोर लावलेली समई आणि उदबत्ती कोणाच्या लक्षात येत नाही. बदलायचं काम अंधारात, कंदिलाच्या उजेडात करू नका. बॅटरी लांबूनच लावून आणा.

चालत्या गाडीत वास आला तर बाजूला, वस्तीपासून लांब गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. आतला दिवा, पंखा, मोबाइल, कशाच्याही बटणाला हात लावू नका. दारं हातांनी सताड उघडा, सगळ्यांना खाली उतरवून वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब न्या. टोपी सैल झाली असेल तर ती घट्ट बसवल्यावर बहुतेक गळत्या तिथेच थांबतात. थांबली आणि टाकी हलवता येण्यासारखी असेल, तर ती मोकळ्या शेतात नेऊन उभी ठेवा. पांढरं धुकं उडताना दिसलं, तर तो द्रव आहे. उघड्या हाताने धरू नका, कातडी भाजल्यासारखी गोठते. लांब गेल्यावरच फोन काढा. गॅसगळतीसाठी तिन्ही तेल कंपन्यांचा मिळून १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२. गाडीत सुक्या पावडरचा अग्निशामक असावा, पण तो चालकाच्या हाताला येईल असा, टाकीच्या शेजारी नव्हे. गळत्या तोंडावरच ज्योत जळत असेल आणि गॅस बंद करता येत नसेल, तर ती विझवण्याच्या भानगडीत पडू नका; विझल्यावर गॅस पसरत राहतो आणि पुन्हा पेटतो. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाची वाट पाहा.

परतीच्या वाटेवर रिकाम्या टाक्यांकडे सगळ्यांची पाठ असते. शेगडी विझली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. तळाशी थोडा द्रव आणि वर वाफ उरतेच. तिलाही टोपी, तिलाही पट्टा, तीही उभीच. रिकाम्या टाक्यांवर खडूने फुली मारून ठेवली की भरलेल्यांत मिसळत नाहीत. यात्रा झाल्यावर त्या गोठ्यात किंवा जिन्याखाली महिनोन्‌महिने न ठेवता आठवड्याच्या आत आपापल्या वितरकाकडे जमा करा, आणि पाच किलोच्या टाकीची पावती जपून ठेवली असेल तर कंपनीच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे तिचे पैसे परत मिळतात का, हे त्याच वेळी विचारून घ्या.